कार्बच्या इंजिनाला टर्बो, आणि दोन मीटर पाण्याचा हिशेब

मी अमळनेर तालुक्यात ठिबक बसवायची कामं करतो. गाड्या दुरुस्त करणं हा माझा धंदा नाही. काकांच्या 1998 च्या मारुती ओम्नीचं इंजिन शेडमध्ये लोखंडी स्टँडवर बसवायचं, त्याला डिझेल गाडीचा जुना टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा) जोडायचा आणि मूळ कार्ब्युरेटरवरच (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, पुढे नुसता 'कार्ब') ते नीट चालवायचं, हे काम मी नोव्हेंबर 2024 मध्ये हातात घेतलं आणि ऑगस्ट 2025 मध्ये पुरं केलं. या नऊ महिन्यांतले सहा महिने एकाच प्रश्नात गेले: पेट्रोल. टर्बो हवा कशी कोंबतो हे समजावणारे पुष्कळ भेटले. त्या हवेच्या बरोबरीने पेट्रोल कसं पोचवायचं, तेही ईसीयू (इंजिनाचा संगणक) आणि इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) न घेता, हे मला मराठीत कुठे सापडलं नाही. म्हणून जे जसं घडलं ते लिहून ठेवतो.

आधी कागदांचं, कारण बरेच जण इथेच चुकतात. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे आरसीवर नोंदवलेल्या, कंपनीने दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच पक्कं केलं. त्यामुळे टर्बो लावलेली ओम्नी रस्त्यावर आणायचा विचार मी पहिल्याच दिवशी सोडला. तसाही तिचा पत्रा खालून पार सडला होता आणि नोंदणीची मुदत 2018 मध्येच संपली होती. गाडी कायमची निकामी झाली की कलम 55 प्रमाणे मालकाने 14 दिवसांत कळवून आरसी जमा करायची असते. आम्ही तेच केलं.

11 नोव्हेंबरला काकांना घेऊन पहिल्यांदा आरटीओत गेलो. मूळ आरसी, अर्ज, आधार, थकलेला पर्यावरण कर भरल्याची पावती, ई-चलान बाकी नसल्याचा पुरावा, गाडी कुठल्या गुन्ह्यात नसल्याचा दाखला आणि चासी नंबरचा कापलेला तुकडा, एवढं मागितलं. काकांची आताची सही 1998 च्या सहीशी जुळेना, म्हणून बँकेकडून सही प्रमाणित करून आणली. तुमच्या घरातला मालक वयस्कर असेल तर हा कागद आधीच काढून ठेवा, एक चक्कर वाचेल. इंजिन काढून शेतात ठेवणार आहोत हे अर्जात सरळ लिहिलं. 17 डिसेंबरला नोंदणी रद्द झाल्याचा कागद हातात आला. पाच आठवडे, चार चकरा, आणि टेम्पोभाड्यासकट 6,800 रुपये. काका त्या दिवशी गाडीत गप्प होते. अमळनेर स्टेशनवर उतरल्यावर एवढंच म्हणाले, "गाडी गई ते गई, इंजिन तरी चालू ठेव."

ओम्नीच निवडली, कारण तिचं इंजिन उभं बसतं आणि मागे प्रोपेलर शाफ्ट (चाकांकडे जोर नेणारा दांडा) निघतो. मारुती 800 मध्ये हेच 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आडवं असतं, त्याला बाहेर काही जोडणं अवघड जातं. जोडायची गरज अशी की मोकळ्या स्टँडवर इंजिन कितीही रेस केलं तरी टर्बो दाब धरत नाही. भार हवा. तापीकाठच्या एका बंद पडलेल्या लिफ्टचा (नदीचं पाणी उपसायच्या योजनेचा) 20 एचपीचा पंप नातेवाइकांकडे पडून होता, तो आणला. टॉप गिअरमध्ये इंजिन आणि पंप एकाच वेगाने फिरतात. शेततळ्यातून पाणी उचलायचं आणि व्हॉल्व्हमधून परत शेततळ्यातच सोडायचं, म्हणजे पाणीही वाया जात नाही आणि व्हॉल्व्ह फिरवून भार कमीजास्त करता येतो. पंपाला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, त्यामुळे मिनिटाला 3,500 फेऱ्यांना हा पंप इंजिनाला पुरेपूर दमवतो. हे सगळं शिकण्यासाठी केलं. शेतीचं पाणी उपसायला असं पेट्रोल जाळणं परवडणारं नाही, तो हेतू ठेवून कुणी यात पडू नये.

टर्बो धुळ्याला महामार्गालगतच्या जुन्या पार्टच्या दुकानातून घेतला, 4,500 रुपयांना. 1.3 लिटर डिझेल गाड्यांवर येतो तो छोटा, वेस्टगेटवाला (दाब ठरल्यापेक्षा वाढला की धूर बाजूने सोडणारी झडप असलेला). व्हीजीटी (हलत्या पात्यांचा टर्बो) घेऊ नका, त्याची पाती हलवायला आपल्याकडे काही नसतं. शाफ्ट बोटांत धरून पुढे-मागे ओढून बघा. त्या दिशेला खेळ जाणवता कामा नये. आडवा किंचित चालतो. डिझेलपेक्षा पेट्रोलच्या इंजिनाचा धूर जास्त तापलेला असतो, म्हणून या टर्बोला सलग पूर्ण भारावर चालवायचं नाही हे तेव्हाच ठरवलं. मूळ वेस्टगेटची स्प्रिंग फार कडक होती. हलका ॲक्च्युएटर (वेस्टगेट उघडणारी डबी) शोधून तो सायकलच्या पंपाने तपासला आणि 0.35 किलोला उघडेल असा लावला. (आम्ही ठिबकवाले दाब किलोतच मोजतो, एका चौरस सेंटिमीटरवर इतके किलो. इथेही तेच माप धरा.)

अमळनेरला ज्यांच्या गॅरेजमध्ये ही ओम्नी वीस वर्षं जात होती त्यांना सगळे जिभाऊ म्हणतात. स्टँड, एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड, टर्बोला तेल देणारी आणि ते सांडपात (इंजिनाच्या तळाच्या तेलपात्रात) परत नेणारी पाइप ही कामं त्यांच्या देखरेखीत जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत झाली. परतीची तेलपाइप जाड हवी, सरळ उताराची हवी आणि सांडपातल्या तेलाच्या पातळीच्या वर जोडलेली हवी. यावर जिभाऊ अडून बसले आणि ते बरोबर होतं.

पेट्रोल देण्याच्या दोन रीती आहेत. एकीत कार्ब टर्बोच्या आधी बसतो, टर्बो त्यातून हवा-पेट्रोलचं मिश्रण ओढतो आणि इंजिनात ढकलतो. 1962 मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेवरले कॉर्वेअर या पहिल्या टर्बो कार आल्या, त्या याच रीतीच्या. दुसरीत टर्बो आधी, कार्ब नंतर, म्हणजे टर्बो कार्बमध्ये हवा फुंकतो. 1981 ची मासेराती बिटर्बो आणि 1985 ची रेनॉ 5 जीटी टर्बो या अशा होत्या. मी पहिली रीत घेतली, कारण तिच्यात पेट्रोलचा प्रश्नच येत नाही असं वाटलं. कार्बला नेहमीसारखं ओढणंच दिसतं, मूळ यांत्रिक पंप चालतो, कार्बच्या वाटीतली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटला हात लावावा लागत नाही.

26 जानेवारीला इंजिन सुरू झालं आणि दोन मिनिटांत शेड निळ्या धुराने भरली. थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा अडवणारी झडप) मिटलेला असताना कार्बच्या पुढच्या सगळ्या पोकळीत निर्वात होतो, त्यात टर्बोचा कॉम्प्रेसरही आला. तो निर्वात टर्बोतलं तेल सीलच्या पलीकडून ओढून घेतो. डिझेल गाडीत असा थ्रॉटलच नसतो, म्हणून तिच्या टर्बोचं सील या ओढीसाठी बनवलेलंच नसतं. या रीतीला कार्बन सीलचा टर्बो लागतो, आणि तो आपल्या भंगारात मिळत नाही. जिभाऊंनी कॉम्प्रेसरनंतरची पाइप काढून उलटी केली तर अर्धा कप पेट्रोल बाहेर सांडलं. पेट्रोलची वाफ भरलेली दीड मीटरची पाइप गरम इंजिनाच्या डोक्यावरून जात होती. एक बॅकफायर झाला असता तर काय झालं असतं, हे त्या रात्री झोपेत पुन्हा पुन्हा दिसत राहिलं. दुसऱ्या दिवशी सगळं खोललं.

मग फुंकणारी रीत. लेथवाल्याकडून कार्बच्या तोंडावर बसणारी ॲल्युमिनियमची टोपी ओ-रिंगसकट बनवून घेतली, 1,600 रुपये. टर्बोची पाइप या टोपीत येते. इथे मला माझ्याच धंद्यातली गोष्ट कामी आली. ठिबकमध्ये विद्राव्य खत सोडायला आपण व्हेंचुरी लावतो. अरुंद गळ्यात पाण्याचा वेग वाढतो, दाब पडतो आणि उघड्या ड्रममधलं खत ओढलं जातं. कार्ब म्हणजे हीच व्हेंचुरी. लाइनचा दाब वाढून गळ्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा जास्त झाला तर काय होतं हे प्रत्येक ठिबकवाल्याने पाहिलेलं असतं: खत ओढलं जायचं सोडून पाणीच उलटं ड्रममध्ये यायला लागतं. टर्बोची हवा कार्बमध्ये फुंकली आणि फ्लोट चेंबर, म्हणजे ती पेट्रोलची वाटी, बाहेरच्या हवेला उघडा राहिला, तर पेट्रोलच्या जागी हवाच जेटमधून (पेट्रोलच्या मापाच्या भोकातून) उलटी चेंबरमध्ये घुसेल. उपायही ठिबकमध्येच आहे. खताची बंद टाकी असते ना, जिच्यात लाइनचाच दाब असतो? फ्लोट चेंबर तसा करायचा. चेंबरची आतली श्वासनळी टोपीच्या आत उघडी ठेवली आणि बाहेरची पितळी बूच मारून बंद केली. आता गळ्यावर जितका दाब, तितकाच चेंबरवर. कार्बच्या दृष्टीने काही बदललंच नाही.

इथवर माझा विचार बरोबर होता. चूक पुढे झाली. चेंबरमध्ये 0.35 किलो दाब असेल तर त्यात पेट्रोल ढकलणाऱ्या पंपाला त्याच्यावर मात करावी लागेल हे कळत होतं, म्हणून 1,100 रुपयांचा टिकटिक आवाज करणारा इलेक्ट्रिक पंप आणला. डब्यावर 0.5 किलो लिहिलं होतं. पाच वजा साडेतीन, दीड उरतो, पुरे झाला, असा हिशेब केला.

9 मार्च, रविवार. व्हॉल्व्ह हळूहळू उघडत भार वाढवला. काटा 0.35 वर गेला. इंजिनाचा आवाज मोकळा, दमदार झाला. मी मनात मोजत होतो. दहा, अकरा, बारा. आणि स्टीलच्या डब्यात खडे टाकून हलवावेत तसा खळखळ आवाज सुरू झाला, सिलिंडरमध्ये अवेळी स्फोट होण्याचा. थ्रॉटल सोडायला मला तीन-चार सेकंद लागली. तेवढी पुरली.

प्लग काढून जिभाऊंनी उन्हात धरले. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर मिरीपुडीपेक्षा बारीक, चांदीसारखे चमकणारे कण चिकटले होते. ते पिस्टनचं ॲल्युमिनियम. कम्प्रेशन बघितलं: पहिल्यात 11 किलो, दुसऱ्या-तिसऱ्यात जेमतेम 6. शेजारचे दोन एकदम पडले की हेड पॅकिंग मधून फाटलेलं असतं, आणि तसंच निघालं. पिस्टनच्या कडा थोड्या खरवडल्या होत्या, पण वाचले. पॅकिंग, हेड फेसिंग आणि बाकी मिळून 2,300 रुपये. मला रडू आलं नाही, पण काकांना सांगायला दोन दिवस लागले.

बारा सेकंद का, हे शोधायला आठवडा घेतला. इंजेक्शनच्या सिरिंजने फ्लोट चेंबर भरून पाहिला. सुमारे 40 मिली मावतं. त्या भाराला इंजिन मिनिटाला जवळपास 200 मिली पितं. म्हणजे बारा सेकंद इंजिन नुसतं चेंबरमध्ये साठलेल्या पेट्रोलवर चाललं, नवीन थेंब येतच नव्हता. पंपाच्या डब्यावरचा आकडा तोंड बंद असतानाचा असतो. धार चालू झाली की दाब पडतो. तुमच्या मोटरवर लिहिलेलं 'हेड' आणि प्रत्यक्ष नळीला येणारं पाणी यात फरक असतो, तसाच हा. मी पंपाच्या तोंडाशी व्हॉल्व्ह आणि गेज लावून मोजलं. मिनिटाला 200 मिली धार धरली की त्याचा दाब 0.3 च्या खाली उतरत होता, आणि समोर चेंबरमध्ये 0.35. पेट्रोल आत जाणारच कसं? जिभाऊंनी पंप हातात घेऊन पाहिला. "हाऊ पंप काय कामना नही, भाऊ. पेट्रोलले हवापेक्षा जास्ती जोर जोयजे." (हा पंप काही कामाचा नाही, पेट्रोलला हवेपेक्षा जास्त जोर पाहिजे.)

पुढचं सगळं काम त्यांच्या या वाक्याभोवतीच फिरलं. बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) शून्य असो की 0.35, पेट्रोलचा दाब त्याच्यापेक्षा कायम ठरावीक अंतराने पुढे पाहिजे. हे अंतर मी 0.2 किलो ठरवलं. जास्त ठेवलं तर फ्लोटची नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) दाब अडवू शकत नाही, चेंबर भरून वाहतो. कमी ठेवलं तर 9 मार्च. म्हणजे शून्याला 0.2, आणि 0.35 ला 0.55.

हे करायला दोन वस्तू लागतात. एक, इंजेक्शनच्या गाडीचा बाहेरून बसणारा इनलाइन पंप, जो तीन किलोच्या दाबालाही भरपूर पेट्रोल देतो (1,850 रुपये). दुसरी, रिटर्नवाला रेग्युलेटर, ज्याच्या डोक्यावर बूस्टची नळी जोडता येते. टोपीतला दाब त्याच्या डायफ्रॅमवर बसतो आणि जितका बूस्ट वाढेल तितकाच पेट्रोलचा दाब वाढतो, उरलेलं पेट्रोल टाकीत परत जातं. इंजेक्शन गाडीचा रेग्युलेटर इथे चालत नाही, तो 0.2 पर्यंत खाली येतच नाही. कार्बसाठीचा, बूस्टची नळी घेणारा, असाच मागा. मला तो देशात मिळाला नाही. 20 मार्चला बाहेरून मागवला, ओळखपत्राची प्रत ऑनलाइन चढवली, पार्सल मुंबईला कस्टममध्ये 11 दिवस होतं, आणि 12 एप्रिलला पोस्टमनने ड्यूटीचे पैसे घेऊन हातात दिलं. सगळं मिळून 5,400. मागवताना वस्तूचं नाव आणि किंमत दाखवणारं बिल जवळ ठेवा, ते मागतात.

या तीन आठवड्यांत कार्ब बंदिस्त केला. टोपीला सायकलचा पंप जोडून 0.3 किलो हवा भरली आणि साबणाचं पाणी ब्रशने लावत गेलो. थ्रॉटलच्या शाफ्टच्या दोन्ही टोकांना मोत्यासारखे बुडबुडे फुगायला लागले. पंचवीस वर्षांत शाफ्टची भोकं झिजून अंडाकृती झाली होती. एरवी तिथून थोडी हवा आत गेली असती. आता तिथून पेट्रोल मिसळलेली हवा बाहेर, एक्झॉस्टच्या अंगावर आली असती. लेथवाल्याने पितळी बुश आणि आत बारीक ओ-रिंग बसवून दिली. चेंबरच्या झाकणाची पॅकिंग, ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅम, फ्लोट, सगळं नवीन. पोकळ पितळी फ्लोट असेल तर बदला, दाबाने चेपला तर पेट्रोलची पातळीच बिघडते. सगळ्या नळ्या इंजेक्शनच्या प्रतीच्या घ्या. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या काळ्या रबराला ते फुगवतं. माझी एक जुनी नळी महिन्यात इतकी मऊ झाली होती की नखाने खूण उमटायची.

0.2 किलो मोजायचं कसं हाही प्रश्न होता. ठिबकच्या फिल्टरवरच्या गेजवर शून्य आणि अर्ध्याच्या मध्ये काहीच वाचता येत नाही. छोट्या मापाचं गेज आणलं, पण त्यावर माझा विश्वास बसेना. मग घराच्या जिन्याला पारदर्शक नळी बांधली. दोन मीटर उंच पाणी म्हणजे बरोबर 0.2 किलो. खाली गेज लावलं, वर पाणी ओतलं, काटा जिथे थांबला तिथे लाल खूण केली. मग साडेतीन मीटर, मग साडेपाच मीटर, त्यासाठी नळी गच्चीवर नेली. तीन लाल खुणा. आमच्या सौभाग्यवतींनी वरून पाणी ओतलं आणि मी खाली बसून "थांब, थांब" म्हणत होतो. पुढचं सगळं ट्यूनिंग त्या तीन खुणांवर झालं.

रेग्युलेटर बसला आणि नवीनच अडचण. स्क्रू पूर्ण सोडला तरी दाब 0.4 च्या खाली येईना, चेंबर भरून वाहायला लागला. मला वाटलं वस्तूच खराब आली. चार दिवस त्यात घालवले. कारण साधं होतं: परतीची नळी मी 6 मिमीची ठेवली होती. तो पंप इंजिनाला लागतं त्याच्या कितीतरी पट पेट्रोल फिरवतो, आणि ते सगळं त्या बारीक नळीतून टाकीत जाताना अडत होतं. ठिबकच्या बारीक लॅटरलवर मोठा पंप लावल्यासारखं. 10 मिमीची नळी टाकली, काटा पहिल्या लाल खुणेवर येऊन थांबला. मग रेग्युलेटरच्या डोक्यावर सायकलच्या पंपाने 0.35 दिले, काटा तिसऱ्या खुणेवर. त्यानंतर त्याच दाबाला मापाच्या भांड्यात एक मिनिट धार धरली. मोठ्यात मोठा हिशेब 5,500 फेऱ्यांचा धरला तरी मिनिटाला 300 मिली लागतं, माझ्याकडे त्याच्या तिप्पट मिळत होतं. इंजिन सुरू करण्याआधी ही धार मोजाच. यात एक रुपयाही खर्च होत नाही. धार धरताना बॅटरीची तार काढ-घाल करू नका, ठिणगी उडते. लांबून स्विच घ्या.

पंपाला रिले लावला आणि तो तेलाच्या दाबाशी जोडला. इंजिन बंद पडलं, तेलाचा दाब गेला, की पंपही बंद. सुरू करताना चेंबर भरायला वेगळं बटण. हे केल्याशिवाय इनलाइन पंप लावूच नका. नळी सुटली आणि पंप चालू राहिला तर तो मिनिटाला लिटरभर पेट्रोल गरम इंजिनावर ओतेल. पंप टाकीच्या खाली बसवा, त्याला ढकलता येतं, ओढता नीट येत नाही.

पेट्रोल साठवण्याचंही विचारून घेतलं. 1934 च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसलेलं 30 लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येतं. मी 20 लिटरच्या वर कधीच ठेवलं नाही. आमच्या पेट्रोल पंपावर प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये देत नाहीत. लोखंडी कॅन नेला आणि कशासाठी हवंय ते वहीत लिहून दिलं, मग मिळालं.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), 30 एप्रिलला, कामाला हात लावायचा नाही असं घरात ठरलं होतं. त्यानंतर मे. खान्देशातला मे म्हणजे सांगायला नको. दुपारी शेडमध्ये 44 अंश. इंजिन गरम असताना बंद केलं की दहा मिनिटांत कार्बमध्ये पेट्रोल उकळल्याचा गुडगुड आवाज यायचा आणि परत सुरू करायला दम निघायचा. रिटर्नमुळे चालू इंजिनात हा त्रास होत नाही, पेट्रोल सतत फिरत राहतं, नळीत थांबून तापत नाही. बंद केल्यावर मात्र कार्बखाली जाड फायबरचा स्पेसर लागला, आणि टाकी शेडच्या बाहेर कडुनिंबाखाली हलवली. शिवाय 40 अंशांची हवा 0.35 किलोला दाबली की ती 80 अंशांच्या आसपास जाते. इंटरकूलर मी लावलेला नाही. म्हणून भाराच्या सगळ्या चाचण्या पहाटे सहाला, आणि ठिणगीचं टायमिंग चार अंश मागे.

जेट राहिले होते. कार्बला दाब कळत नाही असं वर म्हटलं, ते पूर्ण खरं नाही. बूस्टला मिश्रण साध्या चालण्यापेक्षा गर्द (जास्त पेट्रोलचं) पाहिजे, त्याने सिलिंडर थंड राहतं. त्यात इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल साध्यापेक्षा जास्त लागतं. जेटला ड्रिल मारू नका, भोक खरबरीत होतं आणि परत येता येत नाही. आकड्यांचे जेट घ्या. व्यास दहा टक्क्यांनी वाढला की भोकाचं क्षेत्रफळ 21 टक्क्यांनी वाढतं, त्यामुळे छोट्या पायऱ्यांनी चढा. मोजायला वाइडबँड सेन्सर (धुरावरून मिश्रण सांगणारा) लागतो. तो विकत घेणं मला झेपणारं नव्हतं. धुळ्याला एक मित्र बाइक ट्यून करतो, त्याने 8 आणि 15 जून हे दोन रविवार त्याचा दिला. पहिल्या रविवारी बूस्टला लॅम्बडा (मिश्रणाचा आकडा, जितका कमी तितकं पेट्रोल जास्त) 0.92 दिसला आणि मी लगेच थ्रॉटल सोडला. तीन पायऱ्या जेट वाढवल्यावर दुसऱ्या रविवारी 0.80 ते 0.82. आयडलला (भाराविना मंद चालताना) इंजिन थोडं जास्त पितं, ते मी तसंच ठेवलं.

जुलैत कापसाच्या कामांमुळे तीन आठवडे शेडमध्ये गेलोच नाही. सगळा खर्च, पेट्रोलसकट आणि आरटीओचा सोडून, 36 हजारांपर्यंत गेला. त्यातले टिकटिक पंपाचे आणि हेड पॅकिंगचे 3,400 रुपये तुमचे वाचावेत.

3 ऑगस्टला आमच्या खान्देशातला कानबाईचा सण होता. घरात नैवेद्याच्या रोटांची गडबड, म्हणून आम्ही पहाटेच शेतात गेलो. रात्री पाऊस पडून गेला होता. जिभाऊ व्हॉल्व्हवर, मी थ्रॉटलवर, काका गेजसमोर खुर्ची टाकून. बूस्ट 0.35 ला गेला, पेट्रोलचा काटा तिसऱ्या लाल खुणेवर. मी बारापर्यंत मोजलं. मग साठपर्यंत. पाच-पाच मिनिटांच्या चार फेऱ्या झाल्या, प्रत्येक फेरीनंतर इंजिन थोडा वेळ आयडलवर ठेवलं, टर्बो निवू दिला. प्लग काढले तर तिन्ही फिकट तपकिरी.

शेवटच्या फेरीनंतर इंजिन आयडलवर असताना मी टाकीचं झाकण उघडलं. रिटर्नच्या नळीतून पेट्रोलची जाड, अखंड धार पडत होती. काका उठून आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "हाई चालू शे तोवर काळजी नही ना?" मी मान हलवली. त्यांनी झाकण स्वतः लावलं आणि स्विच बंद केला.